अर्धं पाऊल

गरम टॉवेल तोंडावर असताना माणसाला बोलता येत नाही. डेव्हनीने नेमकी तीच वेळ साधली असावी, असं एमिल रॅश्काला पुढे दिवसभर वाटत राहिलं. सकाळचे दहा वाजून गेले होते. पूर्व बाल्टिमोरमधल्या त्या बोहेमियन न्हाव्याच्या दुकानात दोनच खुर्च्या होत्या, आणि शेजारच्या खुर्चीत कोण येऊन बसलं हे एमिलने आवाजावरून ओळखलं. मॉर्ट डेव्हनी. तीन वर्षं त्याच्या शेजारी उभा राहून बेसबॉल खेळलेला, मागच्या वर्षी मार्चमध्ये उत्तरेकडच्या संघाला विकला गेलेला, आणि आज दुपारी साडेतीन वाजता त्याच संघाकडून त्याच्याविरुद्ध मैदानात उतरणारा.

"काय डच," डेव्हनी म्हणाला, "तुझे पाय अजून चुगल्या करतात का रे?"

टॉवेलखालून एमिलने नुसता हुंकार दिला. जर्मन असो, बोहेमियन असो, की आणखी कुठला, या धंद्यात अशा सगळ्यांचं नाव डचच पडायचं. त्याची त्याला सवय होती. पायांचं मात्र त्याला कळलं नाही.

"अरे, चेंडू यायच्या आधीच सांगून टाकतात सगळं. वळणारा येणार असला की साहेब दुसऱ्या बेसकडे अर्धं पाऊल सरकले. सरळ वेगाचा असला की पहिल्या बेसकडे. आम्ही आपले वाचतो. पेपरला एक सेंट पडतो, तू फुकट."

न्हावी हसला. एमिलने टॉवेल ओढून काढला. "कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे? गुडघ्यात तो खिळ्यांचा बूट घुसला ना तुझ्या, तेव्हापासून."

"तेव्हा तू इथेच होतास."

"होतो की."

"मग बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तू पायांकडे बघत बसला असतास, आणि दोघांनी मिळून आपण जे बाद करायचो ते कोणी केले असते? माझ्या आजीने?" डेव्हनीच्या गालांवर साबण होता, आणि साबणामुळे त्याचं हसणं खरं की खोटं ते दिसत नव्हतं. "तिकडे गेल्यावर बोललो नाही, कारण तिकडचा पगार खातो."

"मग आज का बोलतोस?"

"सहज. आठवलं."

बोलता बोलता न्हाव्याने एमिलचा डावा गाल संपवला होता. उजव्याला हात लावायच्या आधीच एमिल उठला, टेबलावर नाणं ठेवलं आणि बाहेर पडला. मागून डेव्हनी ओरडला, "अर्ध्या तोंडाने खेळणार का रे आज?" आणि न्हावी पुन्हा हसला.

रस्त्यावर दोन्ही बाजूंना बायका घरांच्या पांढऱ्या संगमरवरी पायऱ्या घासत बसल्या होत्या. ऑगस्टचं ऊन त्या ओल्या दगडावरून डोळ्यांत येत होतं. एमिल चालत होता आणि चालताना स्वतःच्या पायांकडे बघत होता. बारा वर्षांत त्याने पायांकडे कधी बघितलं नव्हतं. बघायचं ते कॅचरच्या बोटांकडे. कॅचर उकिडवा बसतो, मांड्यांच्या मध्ये हात लपवतो आणि समोरून चेंडू टाकणाऱ्या पिचरला बोटं दाखवतो: एक बोट म्हणजे सरळ वेगाचा, दोन म्हणजे वळणारा. फलंदाजाला ती दिसत नाहीत, कारण कॅचर त्याच्या पाठीमागे असतो. पिचरला दिसतात, आणि पिचरच्या मागे उभ्या असलेल्या दोघांना दिसतात. त्या दोघांपैकी एक एमिल. वेगाच्या चेंडूला फलंदाजाची बॅट उशिरा येते, चेंडू पहिल्या बेसच्या बाजूला, एमिलच्या डावीकडे येतो. वळणाऱ्याला बॅट लवकर येते आणि चेंडू उलट बाजूला जातो. ज्याला हे ठाऊक आहे तो त्या बाजूला थोडा सरकून उभा राहतो. सगळेच सरकतात. पण पिचरचा हात डोक्यावरून पुढे येईपर्यंत थांबतात, कारण तोवर फलंदाजाचे डोळे चेंडूला चिकटलेले असतात आणि मागचं कोणाला दिसत नाही. एमिलला थांबायला परवडत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये बेसकडे घसरत येणाऱ्या एका माणसाचे बुटाचे खिळे गुडघ्याच्या वाटीखाली घुसले, आणि तेव्हापासून पहिलं पाऊल उचलायला त्याला एक क्षण जास्त लागत होता. तो क्षण त्याने कुठून तरी आणला होता. बोटं दिसली की लगेच सरकायचं. कोणाला कळलं नव्हतं. पेपरवाले लिहीत होते की रॅश्काला चेंडू कुठे येणार ते आधीच समजतं, ही अनुभवाची करामत आहे. त्या बातम्या त्याच्या बायकोने, रुझेनाने, कापून ठेवल्या होत्या. पेपरात त्याचं वय एकतीस होतं. खरं पस्तीस.

डेव्हनी खोटं बोलत असेल तर? हा विचार त्याला एका कोपऱ्यावर आला आणि तो थांबला. खेकडेवाल्याची हातगाडी त्याला वळसा घालून गेली. आजच्या सामन्याआधी एखाद्याच्या डोक्यात असं काही सोडून द्यायचं आणि मग गंमत बघायची, हे डेव्हनीला शोभलं असतं. मग एमिल जागच्या जागी खिळून उभा राहील, चेंडू त्याच्या बाजूने निघून जातील, आणि तिसऱ्या बेसजवळ उभा राहून डेव्हनी हसेल. खोटं असेल तर न सरकणं हा मूर्खपणा होता. खरं असेल तर सरकणं म्हणजे... तो पुढे चालू लागला. त्या वाक्याच्या शेवटी एक माणूस उभा होता, आणि त्याच्यापर्यंत जायचं एमिल टाळत होता.

घरी रुझेना पायऱ्या धुऊन बादली उचलत होती. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"न्हावी मेला का मध्येच?"

"घाईत होता."

"न्हावी घाईत? आणि तू इकडे चालत येतोस?" तिने बादली खाली ठेवली. "बस इथे. वस्तरा आणते."

स्वयंपाकघराच्या दारात तिने त्याला बसवलं आणि उजवा गाल भिजवला. तिचा हात शिवणकामातला होता, हलणारा नव्हता. वस्तरा जबड्यावर असताना ती म्हणाली, "प्रॉसरचं कार्ड आलंय परत. तिसरं. तू एकाचं तरी उत्तर देणार आहेस का?"

एमिलने नुसता हुंकार दिला. या वेळी वस्तऱ्यामुळे.

"त्याच्या भावाला मुलगी झाली म्हणतो. त्याला स्वतःला खाणीत काम मिळालंय. हात अजून वर जात नाही म्हणतो, पण पाटीचे दगड उचलायला वर कशाला जायला हवा, असं लिहिलंय. विनोद केलाय त्याने." ती वस्तरा पुसत म्हणाली, "तुम्ही दोघं दोन वर्षं एका खोलीत राहिलात. या टेबलावर बसून माझे डंपलिंग खाल्लेत त्याने, मोजून नऊ."

"लिहीन."

"कधी?"

"लिहीन म्हटलं ना."

इव्हान प्रॉसर. पेन्सिल्व्हेनियातल्या पाटीच्या दगडाच्या खाणीतून आलेला वेल्श पिचर, लांब हातांचा, कमी बोलणारा, प्रवासात झोपताना बूट उशाशी घेणारा. मागच्या वर्षी मेपर्यंत त्याला कोणी हात लावला नव्हता. जूनमध्ये उत्तरेकडचा संघ आला, ज्यात नुकताच डेव्हनी गेला होता, आणि त्यांनी त्याला चार डावांत संपवला. मग जुलैत आणखी एका संघाने. खेळाडू इकडून तिकडे विकले जातात आणि जाताना जे माहीत आहे ते बरोबर घेऊन जातात. प्रॉसरचा वळणारा चेंडू तसाच होता, वेग तसाच होता, कॅचर म्हणत होता की याच्यात काही फरक नाही, आणि तरी फलंदाज जणू हातात घड्याळ घेऊन उभे असल्यासारखे बरोबर वेळेवर बॅट आणत होते. एका रात्री गाडीत वरच्या बर्थवरून डोकं खाली काढून त्याने विचारलं होतं, "एमिल, माझं काय चुकतंय? तू मागून बघतोस. तुलाच दिसणार." आणि एमिलने, थोडा विचार करून, अगदी जाणकाराच्या आवाजात सांगितलं होतं, "तुझं कोपर खाली येतंय. वळणारा टाकताना. वर ठेव." असं त्याला खरोखरच दिसलं होतं का? त्या वेळी दिसलं होतं. माणसाने विचारलं की काहीतरी दिसतंच. प्रॉसरने कोपर वर ठेवायला सुरुवात केली. तीन आठवड्यांत खांद्यात काहीतरी तुटलं. ऑगस्टच्या चौदा तारखेला मॅनेजर किल्डफने त्याला कपडे बदलायच्या खोलीतच संघातून काढल्याचा कागद दिला, आणि प्रॉसर सगळ्यांशी हात मिळवून गेला. एमिलशी मिळवताना डावा हात पुढे केला होता, कारण उजवा वर येत नव्हता. म्हणाला, "कोपराचं तू वेळेवर सांगितलंस. मलाच जमलं नाही."

"झालं," रुझेना म्हणाली आणि फडक्याने त्याचा गाल पुसला. "काय बघतोयस?"

"काही नाही."

साडेतीनला सामना सुरू झाला. लाकडी स्टँडमध्ये साधारण चार हजार माणसं असावीत, बहुतेक कोटाशिवाय. कॅचरच्या मागच्या रांगेत एक लठ्ठ गृहस्थ स्ट्रॉ हॅट घालून, गुडघ्यावर वही ठेवून बसला होता. मोठ्या लीगमधल्या एका संघाने टर्पिनला बघायला माणूस पाठवलाय, हे सकाळपासून सगळ्यांना माहीत होतं. आजचा पिचर वेंडेल टर्पिन बावीस वर्षांचा होता, खाडीपलीकडच्या खेकडे धरणाऱ्यांच्या घरातला. आज बरा टाकला तर सप्टेंबरमध्ये तो वर जाणार होता. आणि याच संघाने, उत्तरेकडच्या या संघाने, त्याला जूनमध्ये झोडपलं होतं.

पहिल्या डावात एमिल नेहमीसारखा खेळला. ठरवून. त्याला आधी खात्री हवी होती, आणि खात्री करायची जागा तीच होती. तिसऱ्या बेसजवळ, चुन्याच्या रेषेबाहेर, डेव्हनी उभा होता. आपला संघ बॅटिंग करत असताना तिथे उभं राहून ओरडायचं काम त्याच्याकडे होतं, आणि तो अखंड ओरडत होता: "चल रे चल, उभा काय राहतोस, हां, हां, बघून घे, मॅकनल्टी, बाबा, मॅकनल्टी!" त्यातलं बहुतेक निरर्थक होतं. अशा गोंगाटात एखादा अर्थ लपवायचा ही जुनी रीत. एमिलने कॅचरची बोटं बघितली. दोन. तो उजवीकडे अर्धं पाऊल सरकला आणि कान तिकडे लावला. "मॅकनल्टी!" पुन्हा दोन बोटं, पुन्हा उजवीकडे. "चांगलं बघ, मॅकनल्टी!" एक बोट. तो डावीकडे सरकला. "चल रे चल!" नाव नाही. पुढचा फलंदाज आला. दोन बोटं. "ओ'रूर्क, ओ'रूर्क!" एक बोट. "चल, चल, उडव!" नाव नाही.

नऊ चेंडूंनंतर त्याने मोजणं थांबवलं. वळणाऱ्याला फलंदाजाचं नाव, वेगाच्याला नाही: नवापैकी आठ वेळा बरोबर. नवव्या वेळी डेव्हनी खोकत होता.

मग त्याला विचित्र वाटलं. भीती नव्हे, भीती त्याला माहीत होती. आपलंच शरीर आपल्यापासून थोडं दूर उभं आहे आणि दुसऱ्या कोणाच्या चाकरीत आहे, असं काहीतरी. दोन वर्षं. एका मोसमात दीडशे सामने. रोज दुपारी तो या तपकिरी मातीवर उभा राहिला होता, ओठांवर तंबाखूची चव, मागे माणसांचा गुंजारव, आणि रोज त्याच्याच पिचरच्या पाठीमागून त्याने समोरच्यांना सांगितलं होतं की आता हे येतंय, तयार राहा. प्रॉसर त्याच्याकडे पाठ करून उभा असायचा. पिचरची पाठ सगळ्यात जास्त कोणी बघितली असेल तर त्याच्या मागच्या माणसाने. घामाने चिकटलेला सदरा, खांद्याची हाडं, आणि तो मधूनच मागे वळून एमिलकडे बघून मान हलवायचा: सगळं ठीक ना? एमिल मान हलवायचा: ठीक.

दुसऱ्या डावापासून तो हलायचा बंद झाला. बोटं बघायची आणि पाय जमिनीत रोवून ठेवायचे. तिसऱ्या बेसजवळून डेव्हनी एकदम गप्प झाला, मग पुन्हा ओरडू लागला, पण आता उगीच, सगळी नावं, सगळे शब्द, आणि त्याचे फलंदाज वैतागून त्याच्याकडे बघू लागले. टर्पिनने ओळीने पाच जणांना बाद केलं. स्ट्रॉ हॅटवाल्याने वहीत काहीतरी लिहिलं. चौथ्या डावात एक साधा, जमिनीवरून येणारा फटका एमिलच्या डावीकडे आला. सरकला असता तर तो पोटासमोर आला असता. त्याने उडी घेतली, चेंडू ग्लव्हच्या टोकापासून दोन बोटांवरून गेला, आणि दुसऱ्या बेसवरचा माणूस धावत होम बेसवर पोचला. एक धाव. नोंद करणाऱ्या बातमीदाराने तो फटका चांगला ठरवला, म्हणजे चूक एमिलच्या नावावर पडली नाही. टर्पिनच्या नावावर धाव पडली.

"डच!" उन्हातल्या स्वस्त बाकांवरून एक आवाज आला. "बुटाला डिंक लावलाय का रे?"

"डिंक नाही," दुसरा म्हणाला, "मुळं फुटलीत त्याला! पाणी घाला रे कोणीतरी!"

डाव संपल्यावर त्याने सगळ्यांसारखा ग्लव्ह गवतात टाकला आणि बाकावर जाऊन बसला. किल्डफ शेजारी येऊन बसला. मॅनेजर म्हणून तो दहा वर्षं इथे होता, त्याआधी खेळाडू होता, सगळे त्याला कॅप्टनऐवजी नुसतं कॅप म्हणायचे, आणि बोलताना तो माणसाकडे न बघता मैदानाकडे बघायचा.

"गुडघा?"

"नाही, कॅप."

"तो तुझा चेंडू होता."

"होता."

"मग?"

सांगायला ही जागा होती. दोन वाक्यं पुरली असती. पण पहिलं वाक्य असं होतं की मी आता आधी सरकल्याशिवाय पोचू शकत नाही. ते ऐकल्यावर दुसरं ऐकायला किल्डफ थांबला नसता. बाकाच्या टोकाला लॅसिटर बसला होता, वीस वर्षांचा, ग्लव्हमध्ये तेल चोळत, कोणीतरी लंगडायची वाट बघत. आणि दुसऱ्या वाक्यात प्रॉसर होता.

"ऊन डोळ्यांत गेलं," एमिल म्हणाला.

"ऊन तुझ्या पाठीमागे आहे," किल्डफ म्हणाला, आणि उठून गेला.

आपल्या संघाने दोन धावा केल्या. त्यातली एक एमिलच्या फटक्यावर आली. सातव्या डावानंतर टर्पिन पाण्याच्या बादलीपाशी त्याच्याजवळ आला. हा पोरगा सगळ्यांना खाडीपलीकडच्या रीतीने हाक मारायचा. "मिस्टर एमिल," तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही मागून बघता. माझं काही चुकतंय का? आज ते मला वाचत नाहीयेत, पण जूनमध्ये... तेव्हा काय होतं? मी काही दाखवत होतो का?"

एमिलने ओगराळ्यातलं पाणी तोंडात घेतलं, चूळ भरली, थुंकला. तोच प्रश्न, फक्त आवाज कोवळा. घशाशी एक वाक्य तयार होतं, कोपराचं किंवा मनगटाचं किंवा कशाचंही, जाणकाराच्या आवाजातलं, आणि ते किती सहज तयार झालं होतं याचीच त्याला शिसारी आली.

"काही नाही," तो म्हणाला. "आहे तसंच टाक. कोणी काही सांगितलं तरी बदलू नकोस."

"तुम्ही सांगितलं तरी?"

"मी सांगितलं तर मुळीच नाही."

टर्पिन हसला. त्याला तो विनोद वाटला.

नववा डाव. दोन विरुद्ध एक. दोघं बाद झाले होते, तिसऱ्या बेसवर एक माणूस उभा होता, आणि बॅट घेऊन आला ब्रॉडहेड, सहा फूट दोन इंच, या लीगमधला सगळ्यात जोरात मारणारा. स्टँड उठून उभा राहिला. एमिलच्या पायाखालची माती गरम होती. बुटाच्या तळव्यातून ती कळत होती. कॅचरने एक बोट दाखवलं. सरळ, वेगाचा. आणि एमिल, आधी काही न ठरवता, उजवीकडे सरकला. खोटं पाऊल. तिसऱ्या बेसजवळून तत्काळ हाक आली, "ब्रॉडहेड! ब्रॉडहेड!" ब्रॉडहेड वळणाऱ्या चेंडूची वाट बघत राहिला आणि वेगाचा चेंडू त्याच्या छातीसमोरून निघून गेल्यावर त्याने बॅट फिरवली. पहिला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो त्या पायांचा मालक होता. पुन्हा एक बोट. पुन्हा तो उजवीकडे. "ब्रॉडहेड, बाबा!" पुन्हा बॅट हवेत. दुसरा. ब्रॉडहेडने तिसऱ्या बेसकडे बघून शिवी दिली, ती दुसऱ्या बेसपर्यंत ऐकू आली. तीनदा चुकला की फलंदाज बाद; आणखी एक चुकला की सामना संपणार होता. टर्पिन वर जाणार होता. कोणाला काही सांगावं लागणार नव्हतं, कधीच. हे असं भरून काढता येत होतं. कॅचरने एक बोट दाखवलं.

तो तिसऱ्यांदा उजवीकडे सरकला. डेव्हनी ओरडला की नाही ते स्टँडच्या आवाजात ऐकू आलं नाही. ब्रॉडहेडची बॅट उशिरा आली, अगदी उशिरा, टोकाला चेंडू लागला, आणि तो मेल्यासारखा, दोन टप्पे घेत, पहिल्या बेसच्या बाजूला येऊ लागला. फसलेल्या माणसाचा फटका. शाळेतल्या मुलानेही उचलला असता. एमिल जिथे उभा असायला हवा होता तिथून तो तीन फुटांवरून गेला असता. तो वळला. डोकं वळलं, खांदे वळले, आणि गुडघा तो एक क्षण वाट बघत राहिला. चेंडू गवतात गेला. तिसऱ्या बेसवरचा माणूस चालत होम बेसवर गेला.

दोन-दोन. टर्पिन मागे वळून त्याच्याकडे बघत होता. रागाने नव्हे. काहीतरी विचारावं तसा.

बाकाजवळून किल्डफने हात वर केला आणि बोटाने दोनदा आत बोलावलं. एमिल चालत निघाला. पहिल्यापासून तिसऱ्या बेसपर्यंतच्या सगळ्या जागा त्याला माहीत होत्या, आणि त्यातून चालत बाहेर जायला फार वेळ लागला. वाटेत लॅसिटर धावत त्याच्या बाजूने गेला, "सॉरी, डच," म्हणत. बाकावर कोणीतरी सरकून जागा दिली.

"उलट्या बाजूला गेलास," किल्डफ मैदानाकडे बघत म्हणाला. "तीन वेळा. एक बोट होतं. मला इथून दिसत होतं."

"हो."

"बोटंही दिसत नाहीत आता तुला?"

दिसत नाहीत, असं म्हटलं असतं तर ते स्वच्छ संपलं असतं. डोळे गेले, पाय गेले, म्हातारा झाला. लोक टोप्या काढतात, पेपरात चार ओळी येतात. त्याने मैदानाकडे बघितलं. बाकावरून ती जागा त्याने कधी बघितली नव्हती. लॅसिटर तिथे वाकून उभा होता, हात गुडघ्यांवर. पुढचा फलंदाज आला. कॅचरने बोटं दाखवली असावीत, कारण टर्पिनने मान हलवली, आणि टर्पिनचा हात अजून छातीशीच असताना लॅसिटर उजवीकडे सरकला. अर्धं पाऊल. नेमकं तेवढंच, त्याच घाईत, टाच थोडी ओढत. धडधाकट गुडघ्यांच्या त्या पोराला टाच ओढायची काही गरज नव्हती. एप्रिलपासून रोज सकाळी सरावाला तो एमिलच्या मागे उभा राहून बघत आला होता, आणि जे दिसलं ते सगळं त्याने उचललं होतं.

"केसी!" तिसऱ्या बेसजवळून हाक आली. "बघून, केसी!" फटका कडाडून निघाला, रेषेच्या बाहेर पडला म्हणून वाचला.

एमिल उठला होता. बाकाच्या छपराखालून बाहेर उन्हात आला होता. "लॅसिटर!" तो ओरडला. "पाय! पाय हलवू नकोस! हात वर येईपर्यंत हलायचं नाही!"

सगळं मैदान त्याच्याकडे बघत होतं. अंपायरने मुखवटा वर केला आणि त्याला आत बसायला सांगितलं. लॅसिटरला काही समजलं नव्हतं, पण तो घाबरून सरळ उभा राहिला आणि तसाच राहिला. डेव्हनीने दोन्ही हात कमरेवर ठेवले. पुढच्या चेंडूला त्याने हाक मारली नाही, आणि फलंदाजाने उंच, निरुपयोगी फटका मारला तो कॅचरच्या हातात पडला.

खेळाडू आत येऊ लागले. किल्डफ प्रथमच सरळ एमिलच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि बाकावरचे बाकीचेही. टर्पिन आला, टोपी काढली, त्याच्या शेजारी धपकन बसला. त्याचे केस कपाळाला चिकटले होते. स्ट्रॉ हॅटवाला उठून जिन्याकडे निघाला होता, आणि टर्पिनने ते बघितलं होतं.

"माझंच काहीतरी होतंय," टर्पिन म्हणाला. "ब्रॉडहेडला तो तिसरा टाकताना मनगट पडलं. मला जाणवलं. दहाव्या डावात जरा वरून टाकून बघतो. खांदा उचलून."

"नाही," एमिल म्हणाला.

"पण मिस्टर एमिल..."

"खांद्याला हात लावायचा नाही. तुझं काही चुकलेलं नाही. जूनमध्येही नाही." आवाज बाकाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जात होता, आणि त्याने तो कमी केला नाही. किल्डफकडे वळून तो म्हणाला, "कॅप, तुम्हीही ऐका. बसा." मग टोपी गुडघ्यावर ठेवली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, आणि सुरुवातीला इव्हान प्रॉसरचं नाव घेतलं.